सूपभर कोंड्याचा मुलगा

चौऱ्याण्णव साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, मी तिसऱ्यांदा बाप झालो. मला कुणी विचारलं नव्हतं. कंपनीतून दमूनभागून घरी आलो, तर आमच्या बदलापुरातल्या, बेलवलीच्या घराच्या उंबऱ्याबाहेर एक सूप ठेवलेलं, सुपात फडक्यात गुंडाळलेलं तान्हं पोर, आणि उंबऱ्याच्या आत माझी बायको कुमुदिनी पदरात काहीतरी धरून उभी.

"तिथंच थांबा, मध्ये येऊ नका," ती म्हणाली. "मी मूल विकत घेतेय."

पदरात होता तांदळाचा कोंडा. तो तिनं सुपाशेजारी बसलेल्या म्हाताऱ्या पुतळाबाईच्या ओंजळीत ओतला, पोर उचललं आणि उंबऱ्याच्या आत घेतलं. झाला व्यवहार. आनंदनगरच्या आमच्या केमिकल कंपनीत एक पिंप गेटबाहेर काढायचं तर मला तीन ठिकाणी सह्या कराव्या लागत. इथं अख्खं मूल घरात आलं आणि घरमालकाला कुणी हिंग लावून विचारलं नाही.

मूल होतं काशीचं. काशी हेंद्रेपाड्याची, पुतळाबाईची सून. नदीकाठच्या मळ्यातली भाजी डोक्यावर घेऊन ती आमच्या आळीत यायची आणि आळीत सगळे कुमुदिनीला माई म्हणतात म्हणून तीही माई म्हणायची. तिचे आधीचे दोन मुलगे वर्षाच्या आत गेले होते. दोघंही बसायला लागेपर्यंत चांगले, मग दमायला लागले आणि सुकत गेले. तिसरा झाल्यावर पुतळाबाईनं जुना उपाय काढला. जिची पोरं जगत नाहीत तिनं आपलं पोर, जिची जगली आहेत अशा बाईला कोंड्याच्या बदल्यात विकायचं. म्हणजे पोर कुणाचं हे सटवाईला कळत नाही आणि ती त्याच्या वाटेला जात नाही. आमची उमा कॉलेजात, गुरुदत्त दहावीत, दोघंही धडधाकट. कुमुदिनी पात्र ठरली.

व्यवहाराचे नियम कडक होते. पाच वर्षं काशीनं त्याला माझा म्हणायचं नाही. कुमुदिनीनं त्याला आपला नाही म्हणायचं नाही, काशीला त्याची आई म्हणायचं नाही, विचारणारा कुणीही असो. पोराच्या टाळूवर हात ठेवून तिनं तशी शपथ घेतली. बी.ए. झालेली बाई! मी तिथल्या तिथं बोललो, "अगं, हा काय खुळेपणा?" त्यावर ती म्हणाली, "तुमच्या कंपनीत नव्या रिअॅक्टरपुढे नारळ फोडला तेव्हा तुम्हीच पुढे होतात ना?" मी बूट काढून आत गेलो.

नाव अर्थातच कोंडाजी. आम्ही कोंडू म्हणायचो. राहायचा काशीकडे, दूध काशीचं, अंघोळ पुतळाबाईच्या हातची, मालकी मात्र आमची. काशी नियम असे पाळायची की हसू यावं. भाजीची टोपली उतरवता उतरवता तक्रार करायची, "माई, तुमचा पोऱ्या रातचा झोपून देत नाय मना." किंवा, "माई, तुमच्या पोऱ्यानं माज्या नव्या लुगड्यावर घान केली, बघा." बोलताना चेहरा अगदी त्रासलेला, आणि डोळ्यांत इतकं कौतुक की भाजीचं माप नेहमीच आमच्या बाजूनं झुकायचं. तिचा नवरा बुधाजी आमच्याच कंपनीत मालाच्या गाड्या भरायचा. तोही गेटवर मला गंभीरपणे विचारायचा, "अण्णा, तुमच्या पोराला टोचून आनला. ताप आलाय थोडा, चालंल ना?" मी साहेबासारखी मान डोलवायचो.

कुमुदिनीनं हे सगळं आधी शेजारधर्म म्हणून केलं असेल. पण बाई लवकरच फसली. आमची मुलं मोठी झालेली, घरात कुणाला तिची गरज जेवणाच्या वेळेपुरती. दुपार झाली की ती छत्री घेऊन हेंद्रेपाड्याला निघायची. परत यायची तेव्हा खांद्यावर ओकारीचा डाग असायचा आणि तो धुवायची तिला घाई नसायची. "गाल बघितलेत का त्याचे?" मला विचारायची. मी म्हणायचो, "बघितले. माझ्यावरच गेलाय." मग पंधरा मिनिटं ती खुशीत असायची.

सहाव्या महिन्यात कोंडू पिता पिता थांबायला लागला. दोन घोट घ्यायचा, तोंड सोडायचा, धापा टाकायचा, परत धरायचा. कपाळावर घाम असा की काशीचा पदर ओला व्हायचा. सकाळी लवकर जागा होत नसे, हलवून उठवावं लागे. काशीनं हे सगळ्यांच्या आधी पाहिलं असणार. दोनदा पाहून झालं होतं तिचं. पण ती कुणापाशी बोलली नाही, कारण आधीच्यांसारखंच आहे असं म्हणायचं तर हा आधीच्यांचा भाऊ आहे हेही त्यात आलंच. एक दिवस तिनं टोपली उतरवली, भाजी काढलीच नाही, आणि खाली मान घालून म्हणाली, "माई, तुमच्या पोऱ्याला डाक्टरकडं न्या."

बदलापूरच्या डॉक्टरांनी छातीत कफ आहे म्हणून औषध दिलं. गुण येईना तेव्हा फोटो काढला, आणि फोटोत हृदय निम्मी छाती व्यापून बसलेलं दिसलं. त्यांनी उल्हासनगरला, कॅम्पातल्या डॉक्टर रोचलानींकडे पाठवलं. त्यांच्याकडे इकोचं मशीन होतं. आवाजाच्या लहरी छातीत सोडून हृदयाचं हलतं चित्र पडद्यावर दाखवणारं, तेव्हा आमच्याकडे नवलाईचं.

त्या दिवशी मी कंपनीतून परस्पर गेलो आणि उशिरा पोचलो. बाहेरच्या बाकड्यावर, चपलांच्या ढिगाशेजारी, काशी बसली होती. "आत माई हायत, त्यांच्या पोऱ्याला घेऊन," ती मला म्हणाली, जणू तिचा काही संबंधच नव्हता. आत अंधार. कोंडूला झोपेचं औषध पाजून टेबलावर निजवलेलं, छातीवर चिकट जेली, आणि डॉक्टरीणबाई एका हातानं त्याच्या बरगड्यांवर यंत्राचं टोक फिरवत होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या कोटाखाली सलवार कमीज घातलेल्या. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी फुगत होतं आणि जेमतेम आवळत होतं. मला त्यातलं काही कळत नाही, पण पंप कळतो. बाहेरून दणकट, आतून फुगलेले आणि दाब नसलेले पंप मी पुष्कळ पाहिले आहेत.

"बहुतेक व्हायरस," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचं मराठी उल्हासनगरचं, मध्येच हिंदीत उतरणारं. "हृदयाला सूज आली आहे. कुछ बच्चे सँभल जाते हैं. मी औषध देते, आपण वाट बघू."

परतीच्या रिक्षात कुमुदिनी कानात कुजबुजली, "त्यांना वाटलं मीच. म्हणाल्या, बडी देर से हुआ ये बच्चा." एवढ्या काळजीतही ती लाजली होती, आणि एवढ्या काळजीतही मला हसू आलं. डॉक्टरांनी आणखी काय काय विचारलं आणि हिनं काय सांगितलं, ते काही तिच्या बोलण्यात आलं नाही.

औषधांनी थोडे दिवस बरं वाटलं आणि मग काहीच बरं वाटेना. कोंडूचे गाल उतरले, पोट सुटलं, मान धरेनासा झाला. काशी आता तक्रार करायची बंद झाली होती. नुसती यायची, भाजी द्यायची आणि "माई, कवा जायाचा परत?" एवढंच विचारायची. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा इको करायला बोलावलं. या वेळी मी रजा टाकली.

काशी पुन्हा बाहेर बाकड्यावर बसली. आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी कोंडूला तपासलं, त्यांचा चेहरा बदलला. "आज झोपेचं औषध नको," त्या म्हणाल्या. "एवढ्या कमजोर हृदयाला मी ते देणार नाही. जागेपणीच बघते." जेलीचा गार स्पर्श झाला मात्र, कोंडूनं रडायला सुरुवात केली. त्या रडण्यात जोर नव्हता, पण पडद्यावरचं चित्र हलायला तेवढं पुरे होतं. खुळखुळा झाला, किल्ल्या झाल्या, माझं तोंडानं मांजराचा आवाज काढून झालं. ओठांभोवती त्याला निळसर छटा यायला लागली.

"ऐसे नहीं होगा," डॉक्टर म्हणाल्या. "आई, त्याला छातीशी घ्या. दूध पाजा. पीत असला की शांत राहील, मी बाजूनं बघून घेते."

कुमुदिनी त्याला उचलून घेऊन उभी राहिली.

"शरमाओ मत. मीपण बाईच आहे. साहेबांना बाहेर पाठवू का?"

कुमुदिनीनं माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे इतक्या असहायपणे कधी पाहिलं नव्हतं. तिच्या शपथेचं ओझं मला समजत होतं, पण शपथ मी घेतली नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दार उघडलं.

काशी दारात उभी होती. बाहेर तिला रडणं ऐकू येत होतं. तिच्या चोळीवर पुढून दोन्हीकडे ओले डाग पसरले होते. ती आत आली, कुमुदिनीच्या हातांतून कोंडूला घेतलं, टेबलाच्या कडेवर बसली आणि त्याला पदराखाली घेतलं. रडणं थांबलं. मी भिंतीकडे तोंड केलं. यंत्राची घरघर आणि घुटुक घुटुक आवाज, खोलीत एवढंच राहिलं.

मागे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला, डॉक्टर बाजूनं टोक त्याच्या छातीला लावून बघत असाव्यात, आणि मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हा कुणाचा आहे?"

माझ्यामागे कुमुदिनीच्या बांगड्या किणकिणल्या.

"बघा, मला भांडायला वेळ नाही, आणि ह्याला तर बिलकुल नाही. मी गेल्या वेळी विचारलं होतं, आधीची मुलं कशी आहेत. ह्या म्हणाल्या, दोघं एकदम फर्स्ट क्लास. मी विचारलं, नवराबायको आधीपासून नात्यातले का? ह्या म्हणाल्या, नाही. ते धरून मी औषध दिलं. हे हृदय व्हायरसवालं वाटत नाही मला. भिंती आणखी जाड झाल्यात. इसलिए फिर पूछती हूँ. आई कोण?"

मी वळून पाहिलं. कुमुदिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ओठ घट्ट मिटलेले. आणि काशी पदराखाली पाहत होती. तिला बोलायचं होतं. एक शब्द. तो म्हटला नाही म्हणूनच पोर आजपर्यंत टिकलं, अशी तिची खात्री होती.

"माजा," ती म्हणाली.

मग तिनं मान वर केली आणि त्या अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्याकडे, छताला जाळं लटकत होतं तिकडे बघून ती मोठ्यानं म्हणाली, "सटवाय, आयकलास ना? माजा हाय यो. मीच बोललंय, माईंनी नाय. कोनाला नेवाचा असंल त मना ने."

डॉक्टर रोचलानींनी यंत्राचं टोक बाजूला ठेवलं. त्यांनी काशीचा हात आपल्या हातात घेतला तेव्हा जेली दोघींच्या हातांना लागली. मग त्यांनी एकेक विचारलं आणि काशीनं एकेक सांगितलं. आधीचे दोन, ते कसे दमले, त्यांना पितापिता कसा घाम यायचा, सकाळी कसे उठत नसत. बुधाजी तिच्या आत्याचा मुलगा, म्हणजे पुतळाबाई तिची सख्खी आत्या. हे मलासुद्धा तोपर्यंत माहीत नव्हतं.

"दोन महिने मी चुकीच्या आईला विचारत बसले," डॉक्टर म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, पण रागावण्याजोगं माणूस त्यांना खोलीत सापडेना. कुमुदिनी हुंदके देत म्हणाली, "मी शपथ घेतली होती हो. त्याच्याच डोक्यावर हात ठेवून."

"शपथ चांगली गोष्ट आहे, माई. पण दवाखान्यात येताना चप्पल बाहेर काढता ना? तशी तीपण बाहेर ठेवायची."

मग त्यांनी आम्हा तिघांना समजेल असं समजावलं. हा आजार बाहेरून आलेला नाही, रक्तानं आलेला असावा. शरीराला चरबी जाळून ताकद काढायची तर एक पदार्थ लागतो, कार्निटीन नावाचा. काही बाळांच्या अंगात तो टिकतच नाही, लघवीवाटे निघून जातो. मग हृदय उपाशी राहतं आणि फुगत जातं. आईबाप नात्यातले असले की असे आजार मुलात उतरायची भीती जास्त. "तो पदार्थ बाहेरून औषधासारखा देता येतो," त्या म्हणाल्या. "मेरा भाई हाँगकाँग में है, मी आजच फोन करते. रक्त मुंबईला पाठवू, पण रिपोर्टसाठी थांबणार नाही. आणि खोटी आशा देणार नाही. असाच दिसणारा दुसराही आजार आहे. तो निघाला तर जगात कुठेही त्याला औषध नाही. तोपर्यंत एकच करायचं, ह्याला उपाशी ठेवायचं नाही. रात्रीसुद्धा उठवून भरवायचं."

बाहेर आलो. रिक्षात बसल्यावर काशीनं कोंडूला कुमुदिनीच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः अंग चोरून कडेला सरकली.

"आता यो तुमच्याकडंच ऱ्हाईल, माई. मी त्याला हात नाय लावाची, त्याच्याकडं बघाची नाय."

"अगं, पण का?"

"मी बोलून बसलंय. तिनं आयकलाय. आता माज्या घरात आला त तिला वाट गावंल."

मला राग आला. खरं सांगायचं तर मी संतापलो. अंबरनाथ येईपर्यंत मी तिला शरीरशास्त्र शिकवलं. आजार म्हणजे काय, औषध म्हणजे काय, आईच्या दुधाचं महत्त्व, सटवाई नावाचं कुणी नसतं, आणि असलंच तर तिला इको बघता येत नाही. काशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अन्ना, तुमचा खरा असंल," ती म्हणाली. "पन माजं दोन गेलंत."

मी कुमुदिनीच्या मांडीवरच्या कोंडूचं फडकं सारखं केलं.

हाँगकाँगहून औषध आलं. कोंडू आमच्या घरात आला, आणि घराचं घरपण त्यानं पार उलथून टाकलं. गजराचं घड्याळ कुमुदिनीच्या उशाशी गेलं. रात्री ती दोनदा उठून त्याला नाचणीची पेज भरवायची, आणि तो जागा होत नसला तर मला उठवायची, जणू मी उठलो की तो उठेल. उमा त्याला बडबडगीतं ऐकवायची, गुरुदत्त अभ्यास टाळायला त्याला फिरवायचा. औषधाचा वास कुजक्या मासळीसारखा. कोंडू ते मिटक्या मारत प्यायचा आणि मग त्याच्याही अंगाला तोच वास यायचा. आम्ही सोवळं सांभाळणारे नसलो तरी घरात मासळी कधी शिजली नव्हती. आता पाहुणे नाकं मुरडायचे आणि कुमुदिनी त्याच्या डोक्याचा खोल वास घेऊन म्हणायची, "छान येतो की!"

काशी भाजी घेऊन येतच राहिली. पण आता ती पायरीवर घराकडे पाठ करून बसायची. रस्त्याकडे बघत भाजी काढायची, रस्त्याकडे बघत विचारायची, "माई, पोऱ्या कसा हाय?" कुमुदिनी सांगायची, आज एवढं जेवला, आज पालथा पडला, आज माझा चष्मा ओढला. काशी ऐकायची आणि तिच्या मानेवरची शीर ताठ व्हायची. आतून कोंडूचा आवाज आला की ती घाईनं टोपली उचलायची. सुरुवातीला उठताना तिच्या चोळीवर ते ओले डाग दिसायचे. मग कमी होत गेले. एक दिवस कोंडू आत चांगला मोकळा रडला, आणि काशी उठली तेव्हा चोळी कोरडी होती. कुमुदिनी त्या दिवशी जेवली नाही.

कोंडू सुधारत होता, हे नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. घाम थांबला. बसायला लागला. गाल परत आले. रांगत स्वयंपाकघरात जाऊन त्यानं पिठाचा डबा उपडा केला तेव्हा आम्ही पेढे आणले. आणि कुमुदिनी दिसली की दोन्ही हात वर करून "आ, आ" करायचा. तिचा चेहरा त्या वेळी असा उजळायचा की मी दुसरीकडे बघायचो.

"त्यानं मला खरंच आई म्हटलं तर मी काय करू?" तिनं एकदा विचारलं.

"आपला कोंडा परत मागू," मी म्हटलं. ती हसली नाही.

औषध सुरू होऊन तीन महिने झाले तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा इको करायला बोलावलं, आणि निरोपात बजावलं, "आईला आणा. असली वाली." काशीला आणायला बुधाजीला तिच्याशी दोन दिवस अबोला धरावा लागला. आली, पण दवाखान्यात शिरताच आपल्या जुन्या जागी, चपलांशेजारच्या बाकड्यावर जाऊन बसली आणि भिंतीकडे तोंड केलं. कोंडू कुमुदिनीच्या खांद्यावर, रिक्षातच झोपलेला.

आत डॉक्टरांनी त्याच्या छातीवर टोक ठेवलं. मी पडद्याकडे बघत होतो. पंप तोच होता. पण भिंतींचा जाडपणा उतरला होता, आतली फुगवट आटली होती, आणि तो आवळत होता. दर वेळी पुरता, घट्ट, मनापासून आवळत होता. मला रिपोर्टची गरज नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही.

डॉक्टर उठल्या. बाहेर गेल्या आणि काशीला मनगटाला धरून आत घेऊन आल्या. "इधर देख. आधी बाळाला नको बघू, हे बघ." त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीभर आवाज घुमायला लागला, नदीच्या पाण्यात कुणी धुणं आपटावं तसा, ठेक्यात.

काशी अंग चोरून उभी होती. हळूहळू तिनं मान वळवली.

"यो हाय त्यो?"

"हाच. तुझ्या मुलाचं काळीज. औषध जन्मभर घ्यावं लागेल, उपाशी ठेवायचं नाही. पण चांगलं चाललंय. सटवाईनं ऐकलं असेल तर हेच ऐकलं असेल तिनं."

त्या आवाजानं कोंडू जागा झाला. गार जेली, अंधार, अनोळखी चेहरे. त्यानं भोकाड पसरलं. आता त्या रडण्यात चांगला जोर होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं, काशीवरून त्याची नजर तशीच पुढे गेली, कुमुदिनीवर थांबली, आणि त्यानं दोन्ही हात वर केले. "आ! आ!"

काशीनं पुढे केलेला हात मागे घेतला.

कुमुदिनी एक पाऊल पुढे झाली. मग थांबली. तिनं खुर्चीवरची पर्स उचलली, कोंडूकडे पाठ केली आणि दार उघडून बाहेर गेली. "माई, किधर?" डॉक्टरांनी विचारलं. मी तिच्या मागोमाग गेलो आणि दार लावून घेतलं.

ती चपलांशेजारच्या बाकड्यावर बसली होती, काशी बसायची तिथं. आतून कोंडू नुसता आकांत करत होता. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला.

"मी आत गेले तर लगेच गप्प होईल हो तो."

"माहीत आहे."

"भूक लागली असेल त्याला. पर्समध्ये बाटली आहे."

"मी नेऊन देऊ?"

तिनं नकारार्थी मान हलवली. आतलं रडणं फुटून फुटून येत होतं. मग त्यामधून काशीचा आवाज यायला लागला. आधी दबका, मग मोकळा. "माजा बाला. माजा बाला तो. माजा रं माजा." परत परत तेच, कुणाच्या बापाला न भिता. रडणं थोडं उतरलं. उसासे राहिले. मग तेही राहिले नाहीत.

"थांबला," कुमुदिनी म्हणाली, आणि समोर नंबर लावून बसलेल्या सगळ्या बायकांच्या देखत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

मी तिच्या मांडीवरची पर्स उघडली, बाटली काढली आणि उठायला लागलो. तिनं माझी बाही धरून मला खाली बसवलं.

"बसा हो जरा," ती म्हणाली. "आधी त्याला आई भेटू दे."